दूध बाधतं, दही चालतं: लॅक्टोजचं नक्की गणित काय?

खटपट्या
मंडळी, हल्ली नुसतं पेलाभर दूध प्यायलं की तास-दीड तासात पोटात गुडगुड सुरू होते, मग गुबारा धरतो आणि कधीकधी धावपळ. दही खाल्लं तर काही होत नाही, मुरलेल्या चीजनेही नाही. चहातून जातं तेवढ्या दुधाचाही त्रास नाही. लहानपणी पेलेच्या पेले रिचवलेत, तेव्हा कधी कुरकुर नव्हती. एका ओळखीच्याने 'ॲलर्जी आहे, दूध कायमचं बंद कर' असा निकाल दिला, दुसरा म्हणाला 'हे लॅक्टोजचं, म्हणजे दुधातल्या साखरेचं काम'. जालावर शोधलं तर निम्मे लेख काही ना काही विकायलाच बसलेले.
तर प्रश्न असे. लॅक्टोज दुधात येतं कुठून? आधी पचायचं ते आता का पचेना? दही चालतं तर दूध का नाही? आणि 'लॅक्टोजविरहित' दूध गोड लागतं ते का, त्यात साखर ओततात की काय? जाणकारांनी लिहावं. तोडगे सुचवणाऱ्यांना आत्ताच कोपरापासून नमस्कार.

वेंधळा
रुमाल टाकून ठेवतो. माझंही हेच. मला आइस्क्रीमही बाधतं, तरी मी खातोच.

कशाला
ही सगळी नवी थेरं. आधीच्या पिढ्या दुधावरच पोसल्या ना? तेव्हा कुणाला लॅक्टोज बाधत नव्हतं. चाचण्या निघाल्या, म्हणून रोग निघाले.

तर्कटराव
कशाला, 'मला दूध सोसत नाही' म्हणणारी माणसं प्रत्येक पिढीत होती हो. ती गुपचूप दूध टाळायची, धागे काढत नव्हती एवढाच फरक.

नीरक्षीर
दुग्धशाळेच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून दुधाच्या बाजूने लिहितो. पोटाची बाजू शेवंतीताई आल्या की त्या सांभाळतील.
ग्लुकोजचा एक रेणू आणि गॅलॅक्टोजचा एक रेणू जोडला की लॅक्टोज होतं. ही जोडणी जनावराच्या कासेतल्या पेशींमध्येच होते. रक्तातून आलेलं ग्लुकोज तिथे वापरलं जातं. जोडणारं एन्झाइम एरवीही शरीरात असतं, पण अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन नावाचं प्रथिन सोबतीला आलं तरच ते लॅक्टोज बनवायला लागतं, आणि हे प्रथिन दूध उतरतं तेव्हाच तयार होतं. गाईच्या दुधात लॅक्टोज साधारण ४.६ ते ४.८ टक्के असतं, म्हशीच्या दुधातही त्याच्याच आसपास. आईच्या दुधात मात्र जवळपास ७ टक्के. उलट कॅलिफोर्नियातल्या सी लायन या सागरी प्राण्याच्या दुधात ते जवळजवळ नसतंच, तिथे पिल्लाची सगळी भिस्त चरबीवर.
फारसं कुणी सांगत नाही अशी गोष्ट म्हणजे, दूध किती निघणार हे बऱ्याच अंशी लॅक्टोज ठरवतं. पेशीत लॅक्टोज साठलं की ते पाणी ओढून घेतं. जितकं लॅक्टोज, तितकं पाणी, तितकं दूध. म्हणूनच चारा-खुराक बदलला तर दुधातली स्निग्धता बरीच वरखाली होते, पण लॅक्टोजचं प्रमाण फारसं हलत नाही. जनावराला कासदाह झाला की ते घटतं, त्याची जागा सोडियम-क्लोराईड घेतात आणि दूध चक्क खारट लागतं. जुनी अनुभवी माणसं चव घेऊन सांगायची, ते उगाच नाही.
गोडीला ही साखर अगदीच बेताची. नेहमीच्या साखरेच्या पाचवा-सहावा हिस्सा. पाण्यात विरघळायलाही आळशी: १०० मिली पाण्यात नेहमीची साखर २०० ग्रॅमच्या आसपास विरघळते, लॅक्टोज खोलीच्या तापमानाला जेमतेम २० ग्रॅम. दुग्धव्यवसायातल्या निम्म्या डोकेदुख्या इथून सुरू होतात. वेंधळा, आइस्क्रीमचं निघालंच आहे तर नंतर सांगतो.

वेंधळा
वाट बघतोय.

जुनी पोतडी
थोडी इतिहासाची भर. बोलोन्याचे वैद्य फाब्रित्सिओ बार्तोलेत्ती यांनी दुधाच्या निवळीतून (दूध फाटल्यावर सुटणाऱ्या पाण्यातून) हा पदार्थ वेगळा काढल्याची नोंद १६३३ मध्ये छापली गेली. ही साखरच आहे, हे स्वीडनच्या कार्ल विल्हेल्म शील यांनी १७८० मध्ये दाखवलं. आंबट दुधातलं लॅक्टिक आम्ल वेगळं काढलं तेही यांनीच, त्याच वर्षी. दुधातली साखर आणि दही आंबवणारं आम्ल, दोन्ही टोकं एकाच माणसाच्या हाती लागली.

शेवंती
आले. रुग्ण तपासायचे असतात हो, धागे नंतर.
खटपट्या, आधी ॲलर्जीचा विषय मिटवू. दुधाची ॲलर्जी दुधातल्या प्रथिनांची असते. त्यात रोगप्रतिकारक यंत्रणा चवताळते: अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या, धाप, आणि क्वचित जिवावर बेतू शकतं. तिथे थेंबभर दूधही नको. लॅक्टोजच्या त्रासात प्रतिकारयंत्रणेचा काही संबंध नाही. त्रास होतो, जीव घाबरतो, पण आतड्याला इजा होत नाही. तुम्हाला चहातलं दूध चालतं, दही चालतं. दह्यातही दुधाचीच प्रथिनं असतात. तुमच्या लिहिण्यावरून तरी हे ॲलर्जीचं वाटत नाही.
आता आत काय होतं ते. लॅक्टोज जसंच्या तसं रक्तात जात नाही. लहान आतड्याच्या अस्तरावर लॅक्टेज नावाचं एन्झाइम असतं, ते त्याचे दोन तुकडे करतं आणि मग ते तुकडे शोषले जातात. लॅक्टेज कमी पडलं की उरलेलं लॅक्टोज पाणी ओढत पुढे सरकतं आणि मोठ्या आतड्यात पोचतं. तिथल्या जिवाणूंची चंगळ होते. ते हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेन, शिवाय आम्लं तयार करतात. पाण्याने पातळ, वायूने गुबारा. तुमचा तास-दीड तास यात बरोब्बर बसतो.
आणि 'आधी पचायचं ते आता का नाही' याचं उत्तर असं, की हेच मूळचं वळण आहे. सस्तन प्राण्यांच्या पिल्लांमध्ये लॅक्टेज भरपूर असतं आणि दूध तुटल्यावर ते हळूहळू कमी होतं. जगातल्या प्रौढांपैकी साधारण दोन तृतीयांश लोकांमध्ये ते कमी झालेलं असतं. मोठेपणी दूध सहज पचवणारे लोकच खरं तर वेगळे. त्यामुळे याला सरसकट 'आजार' म्हणणं मला तरी पटत नाही.

कशाला
म्हणजे दूध पिणं अनैसर्गिक? झालं, आता तेवढंच ऐकायचं राहिलं होतं.

शेवंती
असं मी कुठेही म्हटलेलं नाही. लॅक्टेज कमी असणं म्हणजे शून्य असणं नव्हे, आणि लॅक्टेज कमी असलेल्या प्रत्येकाला त्रास होतोच असंही नाही. बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज फारशा तक्रारीशिवाय झेपतं. २०० मिलीच्या पेल्यात ते साडेनऊ-दहा ग्रॅम भरतं. सोबत जेवण असेल तर आणखी सोपं, कारण पोट सावकाश रिकामं होतं आणि आहे तेवढ्या लॅक्टेजला वेळ मिळतो. रिकाम्या पोटी घटाघट प्यायलेला पेला आणि जेवणासोबत दोनदा विभागून घेतलेला पेला, यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

तर्कटराव
काडी टाकतो. यातला किती त्रास पोटातला आणि किती डोक्यातला?

शेवंती
काडी नाही, रास्त प्रश्न आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. 'आम्हाला लॅक्टोज अजिबात सोसत नाही' असं स्वतःच सांगणाऱ्या ३० जणांना काही दिवस रोज २४० मिली साधं दूध आणि काही दिवस लॅक्टोज फोडलेलं दूध दिलं. कोणतं कोणतं ते देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही माहीत नव्हतं. गोडीवरून ओळखू येऊ नये म्हणून साध्या दुधातही गोडी आणली होती. दोन्ही वेळच्या तक्रारींत नाव घेण्यासारखा फरक निघाला नाही. त्यातल्या नऊ जणांचं तर लॅक्टोज व्यवस्थित पचत होतं.
याचा अर्थ लोक खोटं बोलतात असा कृपया काढू नका. पोट फुगायला दुसरी पन्नास कारणं असतात आणि दोष पटकन दुधावर जातो.

जुनी पोतडी
आता माझा आवडता भाग. मोठेपणीही लॅक्टेज टिकतं ते कशामुळे, हे २००२ मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांनी शोधलं. लॅक्टेजचा जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर आहे. गंमत अशी की बदल त्या जनुकात नाहीच. शेजारच्या एमसीएम६ नावाच्या जनुकाच्या पोटात, लॅक्टेज जनुकाच्या सुरुवातीपासून डीएनएची १३,९१० अक्षरं अलीकडे, एक अक्षर बदललेलं असतं. सी ऐवजी टी. त्या एका अक्षराने लॅक्टेजचं बटण मोठेपणीही चालू राहतं. आईकडून किंवा वडिलांकडून, कुणा एकाकडून मिळालं तरी पुरतं.
पुढे २००७ मध्ये टांझानिया, केनिया आणि सुदानमधल्या लोकांचा अभ्यास झाला. तिथले पशुपालकही मोठेपणी दूध पचवतात, पण त्यांच्यातले बदल वेगळ्याच अक्षरांवर सापडले, त्याच भागात, थोडे पुढेमागे. अरबस्तानातला बदल आणखी निराळा. म्हणजे माणसाने दूध पचवण्याची युक्ती एकदा शिकून जगभर नेली असं नाही, निरनिराळ्या ठिकाणी ती स्वतंत्रपणे उगवली. उत्क्रांतीचं इतकं अलीकडचं आणि इतकं स्वच्छ उदाहरण माणसात दुसरं क्वचितच सापडेल.

तर्कटराव
पण मग तो बदल पसरायच्या आधी लोक दूध पीत नव्हते? प्यायले तर सगळे रांगेत उभे?

जुनी पोतडी
इथेच मजा आहे. मातीच्या भांड्यांत मुरलेली चरबी हजारो वर्षं टिकते, आणि ती दुधाची की मांसाची हे कार्बनच्या समस्थानिकांवरून (त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून) कळतं. २०२२ मध्ये एका मोठ्या गटाने ५५० हून जास्त उत्खननस्थळांवरचे असे जवळपास ७,००० अवशेष तपासले. युरोपात इसवी सनापूर्वी ७००० च्या सुमारापासून दूध वापरात आहे. दूध पचवणारा जनुकबदल मात्र इसवी सनापूर्वी १००० च्या आसपास कुठे सर्रास दिसायला लागतो. मधली काही हजार वर्षं लोकांनी लॅक्टेज नसतानाच दूध वापरलं.
कसं? एक तर आंबवून आणि निवळी काढून. पोलंडमध्ये सापडलेल्या ७,००० वर्षांपूर्वीच्या मातीच्या गाळण्यांवर दुधाची चरबी मिळाली आहे, म्हणजे चीज गाळलं जात होतं. निवळीबरोबर बहुतेक लॅक्टोज वाहून जातं. दुसरं म्हणजे धडधाकट माणसाला गुबाऱ्याने काही होत नाही. त्या गटाचं म्हणणं असं, की दुष्काळ आणि साथी आल्या की चित्र पालटतं. आधीच उपाशी किंवा आजारी, त्यात दुधाने लागलेले जुलाब. तेव्हा जुलाब जिवावर बेततात आणि ज्यांना दूध पचतं ते तगतात. हे अनुमान आहे, पण मला तरी 'कॅल्शियम मिळावं म्हणून हा बदल पसरला' या जुन्या गोष्टीपेक्षा जास्त पटतं.

खटपट्या
एक नंबर. पण दह्याचं राहिलं की!

नीरक्षीर
घ्या. विरजणातले जिवाणू लॅक्टोज खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात, पण सगळं खात नाहीत. आंबटपणा वाढला की त्यांचंच कामकाज थंडावतं. ताज्या दह्यात मूळच्या लॅक्टोजपैकी बरंचसं, ढोबळमानाने दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश, शिल्लक असतं. मग दही चालतं कसं? कारण त्या जिवाणूंकडे स्वतःचं लॅक्टोज फोडणारं एन्झाइम असतं. ते जिवाणूच्या कवचात बसून जठरातल्या आम्लातून सहीसलामत पार होतं आणि लहान आतड्यात जाऊन तुमच्या वतीने काम करतं. हा फायदा जिवंत जिवाणूंचा आहे. दही उकळलं किंवा कारखान्यात लावल्यानंतर पुन्हा पाश्चराइज केलं, तर तो बराच कमी होतो.
बाकीचं झरझर. ताकात पाणी घातलेलं असतं, म्हणून पेल्यामागे लॅक्टोज कमी. चक्क्यातून निवळी गेलेली असते, म्हणून तिथेही कमी. पनीरचंही तेच. लोण्यात किंचित, तुपात नसल्यात जमा. महिनोन् महिने मुरलेल्या चीजमध्ये उरलंसुरलं जिवाणूंनी संपवलेलं असतं. दूध नुसतं तापवून लॅक्टोज जात नाही, आटवलं तर उलट दाट होतं. दुधाच्या भुकटीत तर भरभरून: साय काढलेल्या भुकटीचा निम्मा भाग लॅक्टोजच. व्यायामवाल्यांची प्रथिन पावडर निवळीतून येते, तिचं साधं रूप असेल तर लॅक्टोज असतं आणि 'आयसोलेट' असेल तर अगदी थोडं.

खटपट्या
आणि ते गोड दूध?

नीरक्षीर
साखर ओतत नाहीत. यीस्टपासून मिळवलेलं लॅक्टेज दुधात घालतात, ते लॅक्टोजचे दोन तुकडे करून ठेवतं. तुमच्या आतड्याचं काम आधीच उरकलेलं. ग्लुकोज लॅक्टोजपेक्षा कितीतरी गोड, म्हणून तेवढ्याच साखरेची गोडी जास्त लागते. खोक्यावरचा एकूण साखरेचा आकडा बघा, बहुतेक वेळा साध्या दुधाइतकाच असतो. मधुमेही मंडळींनी 'लॅक्टोजविरहित म्हणजे साखरविरहित' असं समजू नये.
याची एक खूण घरीही दिसते. हे दूध आटवायला ठेवलं तर साध्या दुधापेक्षा लवकर तांबूस होतं. सुटं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज प्रथिनांशी जास्त उत्साहाने जुळतात, त्याचा तो रंग. रेणूंची संख्या वाढल्यामुळे ते गोठतंही जरा कमी तापमानाला.
वेंधळा, आता तुमचं आइस्क्रीम. कधी जुन्या डब्यातलं आइस्क्रीम जिभेवर बारीक वाळूसारखं कचकचतं, ते बर्फामुळे होतं असा समज आहे. बर्फाचा कण तोंडात विरघळतो, हा विरघळत नाही. ते लॅक्टोजचे स्फटिक. फ्रीजर सारखा उघड-मीट केला, आइस्क्रीम थोडं वितळून पुन्हा गोठलं, की ते वाढत जातात. सूक्ष्मदर्शकाखाली कुऱ्हाडीच्या पात्यासारखे दिसतात, मी तासन् तास बघितलेत. डब्यातल्या गोड आटीव दुधात यावर तोड म्हणून मुद्दाम अतिबारीक लॅक्टोजची भुकटी पेरतात. असंख्य कण एकदम तयार होतात आणि सगळे १० मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या) आत राहतात, मग जिभेला पत्ता लागत नाही. स्फटिक टाळता येत नाहीत म्हणून ते लहान ठेवायचे. दुग्धतंत्रातली ही माझी सगळ्यात लाडकी युक्ती.

पेट्री
अवांतर: लॅक्टोज नसतं तर आधुनिक जीवशास्त्र बरंच मागे पडलं असतं. ई. कोलाय जिवाणू लॅक्टोज समोर आलं तरच ते फोडणारं एन्झाइम बनवतो, एरवी तो कारखाना बंद. जनुक चालू-बंद कसे होतात हे फ्रान्सच्या जाकोब आणि मोनो यांनी याच उदाहरणावरून १९६१ मध्ये मांडलं आणि १९६५ मध्ये ल्वॉफ यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं.

वेंधळा
म्हणजे जिवाणूला गरज पडली की एन्झाइम बनवता येतं आणि मला नाही. रोज दूध पीत राहिलो तर माझं लॅक्टेज वाढेल का?

शेवंती
नाही, लॅक्टेज वाढत नाही. पण थोडं थोडं नियमित घेतलं तर मोठ्या आतड्यातली जिवाणूंची वस्ती बदलते आणि वायू कमी होतो, त्यामुळे सोसण्याची ताकद वाढते. पूर्ण बंद केलं तर ही सवय मोडते आणि मग पुढचा पेला जास्तच छळतो.

मंदाकिनी
शेवंतीताई, माझी भाची चार महिन्यांची आहे, अंगावर पिते, आणि शी पातळ आहे. 'आईने दूध सोडावं, लॅक्टोज कमी होईल' असं एकीने सांगितलंय. खरं का?

शेवंती
मुळीच नाही. आईने दूध प्यायलं काय, न प्यायलं काय, तिच्या दुधातलं लॅक्टोज तेवढंच राहतं. नीरक्षीर यांनी लिहिलंच आहे की ते तिथल्या पेशींतच बनतं. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी मुळातच पातळ असते. जन्मतःच लॅक्टेज नसलेली बाळं अतिशय दुर्मीळ. जुलाबांच्या साथीनंतर आतड्याचं अस्तर सोललं गेल्यामुळे काही काळ लॅक्टेज कमी पडू शकतं, पण अस्तर भरून आलं की तेही येतं. अंगावरचं दूध तोडू नका. वजन वाढत नसेल, रक्त दिसलं किंवा बाळ मलूल वाटलं तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे न्या.
एक अपवाद सांगायलाच हवा. गॅलॅक्टोसेमिया नावाचा जन्मजात विकार असतो. त्यात अडचण लॅक्टोज फोडण्याची नसते, पुढे गॅलॅक्टोज वापरता येत नाही. तिथे लॅक्टोज खरोखर घातक, आईचं दूधही बंद करावं लागतं. बऱ्याच देशांत नवजात बाळाची टाचेतून रक्त घेऊन तपासणी करतात, ती यासाठीही.

खटपट्या
मी तपासणी करून घेऊ का?

शेवंती
श्वासातल्या हायड्रोजनची चाचणी असते. रात्रभर उपाशी राहायचं, सकाळी लॅक्टोजचं पाणी प्यायचं आणि ठरावीक वेळाने नळीत फुंकायचं. हायड्रोजन सुरुवातीपेक्षा २० पीपीएमने (दहा लाख भागांत २० भागांनी) वाढला तर लॅक्टोज पचलं नाही असं धरतात. पण काही ठिकाणी एकदम ५० ग्रॅम देतात. ते लिटरभर दुधातलं लॅक्टोज झालं! त्यात चाचणी 'पॉझिटिव्ह' आली म्हणून पेलाभर दूध बाधेलच असं नाही.
आधी घरीच करून बघा: दोनेक आठवडे लॅक्टोज अगदी कमी ठेवा, मग जेवणासोबत थोड्यापासून वाढवत न्या. तुमची मर्यादा तुम्हालाच कळेल. लॅक्टेजच्या गोळ्याही मिळतात, त्या दुधाच्या पदार्थाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, त्रास सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. मात्र वजन घटतंय, शौचातून रक्त जातंय, झोपेतून उठून जावं लागतंय, असं काही असेल तर घरचे प्रयोग सोडून डॉक्टर गाठा. सीलिॲकसारख्या (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याच्या अस्तराला इजा होते त्या) आजारातही लॅक्टेज घटतं आणि नुसतं दूध सोडून मूळ दुखणं लपून राहतं.

तर्कटराव
गोळ्यांवरून आठवलं. माझ्या रक्तदाबाच्या गोळीत लॅक्टोज लिहिलंय. तीही बंद?

शेवंती
अजिबात नको. गोळीला आकार यावा म्हणून घातलेलं ते लॅक्टोज मिलिग्रॅममध्ये असतं, पेल्यातलं ग्रॅममध्ये. बहुतेकांना त्याने काही होत नाही. पावडरच्या काही इनहेलरमध्येही लॅक्टोज असतं आणि त्यात दुधातल्या प्रथिनाचा अंश असू शकतो. त्यामुळे दुधाची तीव्र *ॲलर्जी* असलेल्यांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

कशाला
वाचतोय सगळं. मत बदललेलं नाही. पण मला बद्धकोष्ठासाठी जे सिरप दिलंय त्यावर लॅक्ट्युलोज लिहिलंय. ते हेच का?

शेवंती
त्याचं भावंड. लॅक्टोजमधल्या ग्लुकोजचं फ्रुक्टोज करून ते बनवतात. ते फोडणारं एन्झाइम कुणाच्याच लहान आतड्यात नसतं, म्हणून ते सगळं मोठ्या आतड्यात पोचतं, पाणी ओढतं, जिवाणू त्यावर ताव मारतात आणि पोट साफ होतं. खटपट्यांना ज्याचा ताप होतो, तेच तुम्हाला चमच्याने मोजून दिलंय. पहिले काही दिवस गुबारा धरेल, मग कमी होतो. सिरपमध्ये थोडं लॅक्टोज आणि गॅलॅक्टोजही राहिलेलं असतं, तेव्हा मधुमेह असेल तर लिहून देणाऱ्याला तेवढं सांगून ठेवा.